तेरा वर्षे ही सुरक्षिततेची सीमा नव्हे

मूल 13 वर्षांचे झाले की समाजमाध्यमे त्याच्यासाठी सुरक्षित ठरतात, असा समज गोव्यात डिचोलीपासून काणकोणपर्यंत अनेक पालक बाळगून असतात. तो चुकीचा आहे. हा आकडा अमेरिकेच्या 1998 च्या एका कायद्यातून आला. 13 वर्षांखालील मुलांची वैयक्तिक माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा होऊ नये, हा त्याचा मुख्य हेतू होता, आणि संमती मिळवण्याची खटपट टाळण्यासाठी बहुतेक कंपन्यांनी त्या वयाखालील मुलांना खातेच नाकारले. मुलाची समज किती वाढली, याचे मोजमाप त्यात कुठेही नाही. भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तर 18 वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालकच आहे.

त्यामुळे घरातील नियम वाढदिवसाला संपू नयेत. खाते खासगी ठेवणे, अनोळखी व्यक्तींचे संदेश बंद करणे, शाळेच्या गणवेशातील छायाचित्र न टाकणे आणि रात्री मोबाईल बैठकीच्या खोलीत ठेवणे (हा नियम मोठ्यांनीही पाळावा, नाहीतर तो गणेश चवथीच्या सुट्टीपर्यंतही टिकत नाही) हे उपयोगी आहेच. पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा नियम पालकांसाठी आहे. मुलाने धमकी किंवा अश्लील संदेश आल्याचे सांगितले, तर शिक्षा म्हणून मोबाईल काढून घेऊ नये, कारण त्याच भीतीने मुले गप्प राहतात. संदेश पुसू नयेत. स्क्रीनशॉट जपून 1098 या बालसाहाय्य क्रमांकावर किंवा पोलिसांकडे तक्रार करावी.