२१ दिवसांत मन बदलत नाही: एक खुलासा

लातूरला शिकवणीसाठी राहिलेल्या माझ्या भाचीच्या खोलीत कॅलेंडरवर २१ लाल गोल होते. रोज सकाळी दहा वेळा 'मी टेन्शन घेणार नाही' म्हणायचं, की २१ दिवसांत सकारात्मक विचाराची सवय लागते, असं तिला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं. सराव परीक्षेत मार्क घसरले, एक दिवस चुकला आणि लेकरू रडवेलं झालं: "मामा, माझंच मन कमजोर आहे."

तसं मुळीच नाही. हा आकडाच दुसऱ्या गोष्टीचा. अमेरिकन प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांनी १९६० साली लिहिलं, की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. पुढे सांगोवांगी 'किमान' गळालं आणि चेहराही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली यांचा ९६ जणांवरचा अभ्यास २००९ साली आला. जेवताना पाणी पिण्यासारख्या साध्या सवयी अंगवळणी पडायलाही साधारण ६६ दिवस. माणसागणिक अंदाज १८ ते २५४ दिवसांचा. मधला एखादा दिवस चुकल्यानं काही बिघडत नाही, हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

आणि भीती दाबायची नसतेच. भाची आता वहीत लिहिते, 'मी नापासच होणार.' खाली, 'कशावरून?' मग, 'फिजिक्स कच्चं, बायो पक्कं.' पोटातला गोळा पुरता गेलेला नाही, पण झोप लागते. तुमचंही लेकरू गप्पगप्पच राहत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.