मिश्र वाक्याचे आकलन

मिश्र वाक्याचे आकलन : प्रधान वाक्य आणि त्यावर अवलंबून असलेली गौण वाक्ये ऐकताना किंवा वाचताना मन त्यांतील कर्ता, कर्म व क्रियापदे यांचा मेळ ज्या प्रक्रियेने घालते, ती प्रक्रिया. वाक्य अवघड का होते, हा या विषयाचा मुख्य प्रश्न आहे. ते लांबीमुळे अवघड होते हा समज फारसा टिकत नाही. अर्धवट राहिलेले किती संबंध एकाच वेळी लक्षात ठेवावे लागतात, यावर अवघडपणा अधिक अवलंबून असतो.

वाक्य पूर्ण होईपर्यंत मन थांबत नाही, ते प्रत्येक शब्दाबरोबर पुढचा अंदाज बांधत जाते. ‘माळेगावच्या यात्रेत शेतकऱ्याने बैल विकत घेतलेल्या व्यापाऱ्याला ओळखले’ हे वाक्य पाहावे. ‘शेतकऱ्याने बैल विकत घेत-’ इथपर्यंत बैल शेतकऱ्याने घेतला असेच वाटते. ‘-लेल्या व्यापाऱ्याला’ हे शब्द येताच खरेदी व्यापाऱ्याच्या पदरी जाते आणि आधी लावलेला अन्वय, म्हणजे शब्दांचा परस्परांशी जोडलेला संबंध, मोडून नव्याने लावावा लागतो. इंग्रजीतील अशा वाक्यांचा विचार भाषामानसशास्त्रज्ञ टॉमस बेव्हर यांनी १९७० मध्ये केला. मराठीत त्यांना ‘चकवा वाक्ये’ म्हणणे योग्य होईल, कारण रात्री शिवारात चकवा लागलेल्या माणसाप्रमाणेच वाचकही ओळखीच्या वाटेने जात असल्याच्या खात्रीने भलतीकडे पोहोचतो. अशा जागी वाचकाची नजर मागच्या शब्दांकडे वळते, आणि मेंदूतील विद्युत्‌लहरींच्या नोंदीत तो शब्द आल्यापासून सुमारे ६०० सहस्रांश सेकंदांनी ठळक बदल दिसतो.

स्मृतीवरचा भार हे दुसरे कारण होय. वाक्याच्या पोटात वाक्य आणि त्याच्या पोटात आणखी एक वाक्य घातले, तर ते व्याकरणात बसते पण मनात बसत नाही, हे मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर व भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्की यांनी १९६३ मध्ये मांडले. ‘मी बहिणीने आईने वडिलांनी बियाणे आणले असे सांगितल्याचे म्हटल्याचे ऐकले’ या वाक्यात चार कर्ते आपापल्या क्रियापदाची वाट पाहत ताटकळतात, आणि त्यांतील तिघांची रूपे सारखीच असल्याने कोण कोणाचा याची गल्लत होते. तेच शब्द ‘वडिलांनी बियाणे आणले असे आईने सांगितल्याचे बहिणीने म्हटल्याचे मी ऐकले’ असे लावले, की एकही शब्द कमी न होता वाक्य उलगडते, कारण प्रत्येक कर्त्याला त्याचे क्रियापद लगेच मिळते.

परस्परसंबंधी शब्दांमधील अंतर वाढले की श्रम वाढतात, असा सिद्धान्त भाषामानसशास्त्रज्ञ एडवर्ड गिब्सन यांनी १९९८ मध्ये मांडला. क्रियापद शेवटी येणाऱ्या भाषांत मात्र तो जसाच्या तसा लागू पडत नाही. याच विषयाचे अभ्यासक श्रावण वसिष्ठ यांना २००३ च्या सुमारास हिंदीत असे आढळले, की क्रियापदाआधी क्रियाविशेषण घातल्यास क्रियापद उलट लवकर वाचले जाते. मराठीची घडणही याच जातीची आहे. ‘शेतकऱ्याने’ यातील ‘ने’ कानी पडताच पुढे भूतकाळी किंवा विध्यर्थी रूप येण्याची अपेक्षा तयार होते. ‘जो’ उच्चारला की ‘तो’ येणार हे ठरलेले असते. त्यामुळे वाट पाहण्याचा काळ निव्वळ ओझ्याचा नसतो, त्यात पुढची तयारीही होत असते.

मराठवाड्यात या विषयाला आणखी एक पदर आहे. निलंगा-उमरग्याकडे कन्नड आणि बिलोलीकडे तेलुगू मुलूख लागतो. दुसऱ्याचे बोलणे सांगताना कन्नडमधील ‘अंत’ आणि तेलुगूतील ‘अनि’ ही ‘म्हणणे’ या अर्थाच्या धातूंपासून आलेली रूपे त्या बोलण्याच्या शेवटी येतात, आणि मराठीतील ‘म्हणून’ हेही तसेच. ‘उद्या येतो म्हणून मामांनी सांगितलं’ यात ‘उद्या येतो’ हे आधी समोरच्या बोलणाऱ्याचेच शब्द वाटतात, ‘म्हणून’ आल्यावर ते दुसऱ्याचे ठरतात आणि ते मामांचे आहेत हे त्यानंतर कळते. फारसीतून आलेला ‘की’ मात्र आधीच सूचना देतो : ‘मामांनी सांगितलं, की उद्या येतो.’ एकच माणूस दोन्ही रचना सहज वापरतो.

सरकारी मराठीत हा प्रश्न व्यवहाराचा होतो. ‘अर्जदाराने सादर केलेल्या अर्जात नमूद केलेल्या गटातील वारसांनी हक्क सांगितलेल्या क्षेत्राची मोजणी करण्यात येईल’ अशी नोटीस हाती पडलेल्या माणसाला जमीन कोणाची मोजणार हे कळले नाही, तर तो दोष त्याच्या समजेचा मानणे अन्यायाचे आहे. गावात अशी नोटीस जाणत्याकडून मोठ्याने वाचून घेतात, तेव्हा तो ‘गटातील’ या शब्दापाशी क्षणभर थांबतो आणि ‘वारसांनी हक्क सांगितलेल्या क्षेत्राची’ हे एका दमात म्हणतो. कागदावर नसलेली ही विरामाची जागा ऐकणाऱ्याला अन्वय लावून देते. वरच्या बैलाच्या वाक्यातही ‘शेतकऱ्याने’ नंतर थांबले, तर चकवा लागत नाही.