खाऱ्या वाऱ्यात नवी इलेक्ट्रिक बाइक जोडताना

ऑनलाइन मागवलेली इलेक्ट्रिक माउंटन बाइक रत्नागिरीत घरी आली की खोक्यात बहुतेक सायकल जोडलेलीच असते, पुढचं चाक, हँडल, सीट आणि दोन पेडल एवढंच आपण बसवायचं. ऍलन की (षटकोनी टोकाची चावी) आणि १५ चा पान्हा असला की पडवीत बसून होऊन जातं. पण खोकं उघडायच्या आधी ग्रीसची डबी आणून ठेवा, हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

माझ्या जुन्या सायकलची सीट मी पाच वर्षं हलवली नव्हती, मग एकदा वर करायला गेलो तर जाम, तेल सोडलं, हातोड्याने ठोकली, शेवटी कापून काढावी लागली. सीटची नळी ॲल्युमिनियमची, फ्रेम लोखंडाची, आणि दोघांच्या मध्ये पांढरी भुकटी घट्ट बसलेली.

१८०० साली व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने जस्त आणि तांब्याच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेलं कापड ठेवून वीज काढली होती. वेगळे दोन धातू एकमेकांना चिकटलेले आणि मध्ये खारट ओल, बस्स. आता या बाइकची फ्रेम बहुधा ॲल्युमिनियमची आणि बोल्ट पोलादी, म्हणजे प्रत्येक सांध्यात तीच रचना तयार होते, ॲल्युमिनियम इलेक्ट्रॉन सोडत झिजत जातं आणि त्याचं ऑक्साइड जास्त जागा व्यापतं म्हणून सांधा आवळला जातो. सायकल पावसात भिजायलाच हवी असंही नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळतं (पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तेच), आणि वाऱ्याबरोबर आलेलं मीठ तर पडवीतल्या सायकलवरही बसतंच. ग्रीस ही ओल आत जाऊ देत नाही, म्हणून पेडलचे आटे, सीटची नळी, बोल्ट सगळ्यांना पातळ हात फिरवा. नळी कार्बनची असेल तर मात्र ग्रीस नाही, तिची वेगळी पेस्ट मिळते. आणि ब्रेकच्या डिस्कला, पॅडला ग्रीसचं बोटसुद्धा लागता कामा नये, ब्रेक धरणारच नाही.

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या विरुद्ध फिरवून घट्ट होतं. पाय मारताना पेडलच्या दांड्यावरचा भार गोल फिरत राहतो आणि दांडा भोकात बारीक बारीक उलट दिशेने सरकू पाहतो, साधे आटे असते तर डावं पेडल चालवता चालवता सुटलं असतं. जोर लावून बसवलंत तर क्रँकचे (पेडल ज्यात बसतं त्या दांड्याचे) आटे जातात, म्हणून सुरुवातीला हातानेच फिरवा.

हँडलच्या बोल्टना साधारण ५ न्यूटन-मीटर पुरतं, म्हणजे १० सेंमी लांबीच्या ऍलन कीच्या टोकाला ५ किलो वजन टांगल्याएवढा जोर, पण बोल्टजवळ आकडा छापलेला असेल तर तोच धरा. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेक असतील तर चाक बसेपर्यंत लिव्हर दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटून बसतात. नवे ब्रेक सपाट रस्त्यावर पंधरा-वीस वेळा हळू दाबून वेग कमी करत मुरवा आणि मगच रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या उताराला जा.

बॅटरी सगळ्यात शेवटी. ३६ व्होल्टच्या पॅकमध्ये सेलचे १० गट एकामागे एक जोडलेले असतात, फुल चार्ज झाला की ४२ व्होल्ट दाखवतो. बसवायच्या आधी तिचे कॉन्टॅक्ट कोरड्या फडक्याने पुसा, आणि समुद्रावरून फिरून आलात की बाइक साध्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, जोराचा फवारा नको, तो मोटरच्या सीलमधून आत घुसतो.