तीन वेढ्यांचा भरवसा

संध्याकाळी मिरकरवाड्याच्या धक्क्याला मासळीच्या बोटी लागतात, तेव्हा दोर घेणाऱ्या पोराकडे बघावं. बोट अजून हेलकावत असते. खलाशी दोर फेकतो, खालचा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा तो झेलतो, पण ओढत बसत नाही. लोखंडी खुंटाला भराभर तीन वेढे घालतो आणि मोकळं टोक मुठीत धरून उभा राहतो. लाट मागे फिरते, बोट तिच्याबरोबर सरते, दोर करकरतो, त्यातून पाणी निथळतं. पोरगा जागचा हलत नाही.

लहानपणापासून हे बघत आलो, पण त्यातलं मर्म कळलं ते रत्नागिरीजवळच्या जांभ्याच्या कड्यावर, पहिल्यांदा जोडीदाराला बिले देताना. बिले देणं म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणं. तो चढेल तसा दोर सोडायचा, तो सुटला की रोखायचा. माझं वजन 58 किलो, त्याचं 82. हा पडला तर मी धरणार कसा, या विचाराने आदल्या रात्री झोप लागली नव्हती.

उत्तर त्या खुंटावर होतं. गोल वस्तूभोवती दोर गुंडाळला की त्याची पकड बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने 18व्या शतकातच याचं सूत्र मांडलं. घर्षणांक, म्हणजे दोर खुंटाला किती घट्ट घासतो याचं माप, 0.3 धरला तर एका वेढ्यात हाताचा जोर साधारण साडेसहा पट होतो, दोन वेढ्यांत 43 पट आणि तिसऱ्यात 280 पटींच्याही वर. खुंट किती जाड आहे, याने काही फरक पडत नाही. दोर किती फिरला, एवढंच महत्त्वाचं. बिलेचं उपकरण हेच करतं. दोराला तीव्र वळणं देतं आणि पडणाऱ्याचा बहुतेक भार घर्षणातच जिरवतं.

पण गुणायला आधी काहीतरी हवं. शून्याला 280ने गुणलं तरी शून्यच. म्हणून साध्या बिले-उपकरणावर खालचा हात दोरावरून क्षणभरही सुटता कामा नये, डास चावला तरी. वर असलेल्या माणसाला तो हात दिसत नाही. तो आहे असं धरूनच त्याला पुढची पकड शोधायची असते.

याचं मला माहीत असलेलं सर्वात मोठं उदाहरण केटू या जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या उंच शिखरावरचं आहे. 10 ऑगस्ट 1953. अमेरिकन पथकातल्या आर्ट गिल्कीच्या पायाच्या शिरेत रक्ताच्या गाठी झाल्या होत्या, त्याला चालता येत नव्हतं. सोबती भर वादळात त्याला स्लीपिंग बॅगमध्ये गुंडाळून खाली उतरवत होते. साधारण 7,500 मीटरवर त्यांच्यातला जॉर्ज बेल घसरला. त्याच्या दोराने दुसरा ओढला गेला, दोर एकमेकांत अडकले आणि बघता बघता पाच जण उतारावरून निघाले. वर पीट शोनिंग गिल्कीचा दोर धरून उभा होता. त्याने आपली बर्फाची कुऱ्हाड एका खडकामागे रोवली होती आणि दोर कुऱ्हाडीवरून घेऊन कमरेभोवती फिरवला होता. त्या एका माणसाने सहा जणांचा भार पेलला. पुढे गिल्की त्याच दिवशी उतारावरून नाहीसा झाला, बाकी सगळे जिवंत परतले. कुऱ्हाड आणि कंबर, म्हणजे पुन्हा वेढाच.

तो दोर नायलॉनचा होता, हेही विसरू नये. नायलॉन ताणतो आणि ताणताना धक्का पचवतो. 1865मध्ये आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखरावरून उतरताना एक जण घसरला, तेव्हा वनस्पतीच्या धाग्यांचा दोर मधेच तुटला. खालचे चौघे गेले, वरचे तिघे उरले. आजचा चढाईचा एकेरी दोर 80 किलोच्या वजनाने तपासतात आणि पहिल्या झटक्याचा जोर 12 किलोन्यूटनपेक्षा, म्हणजे सुमारे 1,200 किलोच्या भारापेक्षा, जास्त चालत नाही. जहाज धक्क्याला बांधायच्या जाड दोरावर कुणी चढाई करू नये, ते याचसाठी. तो तुटणार नाही, पण पडणाऱ्याची हाडं मोडेल.

इथवरचं सगळं हाताचं झालं. उंचावर त्याहून नाजूक गोष्ट सांभाळायची असते, ती डोक्याची. आपल्या पुळणीवर हवेचा दाब पाऱ्याच्या 760 मिलिमीटरच्या आसपास असतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर 1981मध्ये तो मोजला, तेव्हा 253 भरला. म्हणजे दर श्वासाला तिसरा हिस्सा प्राणवायू. मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण प्राणवायू खातो पाचवा हिस्सा. तोटा पडला की आधी तारतम्य जातं, आणि ते गेलंय हे ओळखायला लागणारी अक्कलही त्याच्याबरोबरच जाते. मेंदूला सूज यायला लागली की माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो आणि वर ठामपणे सांगतो, मला काही झालेलं नाही. त्या वेळी खरं सांगणारा एकच असतो, जोडीदार. तपासणी साधी आहे. टाचेला अंगठा लावत सरळ रेघेवरून चालायला लावायचं. तोल गेला तर ताबडतोब खाली न्यायचं, आणि एकट्याला कधीही पाठवायचं नाही.

हिमाचलात 5,200 मीटरवरच्या मुक्कामात पहाटे मी उजव्या बुटाचा क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारा काट्यांचा सांगाडा, डाव्या बुटावर चढवायला बघत होतो. पट्टा बसेना म्हणून पट्ट्यावरच चिडलो. जोडीदाराने काही न बोलता कुऱ्हाडीच्या टोकाने बर्फावर रेघ ओढली आणि म्हणाला, "चल यावरनं." मी चाललो. मग तो म्हणाला, "आवर. खाली जातोय आपण." मी पुष्कळ वाद घातला. पण निघायच्या आधी, रत्नागिरीत त्याच्या पडवीत चहा पिताना, आमचं ठरलं होतं की जो उतरू म्हणेल त्याचं ऐकायचं, कारण विचारायचं नाही. त्यामुळे उतरलो.

माझ्या आठवणीत मी त्या रेघेवरून अगदी सरळ चाललो आहे. तो सांगतो, तीनदा पाय बाहेर पडला, चौथ्यांदा त्याने मला धरलं.