तळऊब (रोपवाटिका)

बी रुजत असताना वाफ्याला किंवा ट्रेला खालून दिलेली उष्णता. ओल्या कोकोपीटमधून (नारळाच्या काथ्याचा भुसा) सतत बाष्पीभवन होत असल्याने ते खोलीतील हवेपेक्षा थंड राहते. बियाला मात्र हवेची नव्हे, माध्यमाची, म्हणजे ज्यात ते रुजते त्या कोकोपीटची किंवा मातीची, ऊब लागते. टोमॅटोचे बी २५° से.ला सुमारे ६ दिवसांत उगवते, १५° से.ला दोन आठवडे आणि १०° से.ला जवळजवळ सहा आठवडे घेते.

पद्धतीच्या उगमाबद्दल एकमत नाही. रोमन सम्राट टायबेरियससाठी चाकांच्या वाफ्यांत काकडी पिकवली जाई, अशी प्लिनीची नोंद (इ. स. पहिले शतक) आहे. तीवरून काहींनी सडत्या लिदीच्या उबेचे अनुमान केले. मूळ मजकुरात मात्र वाफे उन्हात ढकलणे आणि हिवाळ्यात पारदर्शक आच्छादनाखाली आणणे एवढेच आहे. तेव्हा हे अनुमान सावधपणेच घ्यावे. चीनमध्ये हान काळात, इ. स. पू. पहिल्या शतकात, राजमळ्यातील हिवाळी कांदापातीसाठी छपराखाली रात्रंदिवस विस्तव ठेवत. तो प्रकार हवा तापवण्याचा दिसतो. जमिनीखालून धूर खेळवून वाफा उबदार ठेवल्याची स्पष्ट नोंद कोरियात पंधराव्या शतकाच्या मध्यास आढळते.

साताऱ्याच्या पश्चिमेकडील पाटण, जावळी भागातील राब भाजणे हे या पद्धतीचे पूर्वरूप मानू नये. तेथे भाताच्या पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजतात. रुजताना ऊब देत नाहीत.

कराड, वाळवा पट्ट्यातील ऊस रोपवाटिकांत वीज न वापरता हाच परिणाम साधतात. एक डोळ्याची टिपरी (एकेक कोंब असलेले उसाचे तुकडे) भरलेले ट्रे एकावर एक रचून थप्पी प्लास्टिकच्या कागदाने घट्ट झाकतात. फुटणाऱ्या डोळ्यांच्या श्वसनाची उष्णता आत कोंडते. कागद उचलला की आतल्या बाजूने पाण्याचे थेंब ओघळतात आणि हाताला वाफ लागते. मिरची, वांग्याच्या ट्रेंनाही थंडीत अशीच थप्पी लावतात. कोंब दिसताच थप्पी मोडणे अत्यंत महत्त्वाचे. एखादा दिवस उशीर झाला तरी रोपे पिवळी, लांबट होतात आणि मर रोगाला बळी पडतात. ट्रेखाली विजेवर तापणारी चटई वापरल्यास तापमान नियंत्रक जोडावा आणि त्याची तापमान मोजणारी कांडी ट्रेच्या माध्यमातच खोवावी.

लेट्यूसला तळऊब देऊ नये. साधारण ३०° से.च्या वर त्याचे बी सुप्तावस्थेत जाते.