‘बोर्ड कुठला घालू ओ?’: सॉकेटच्या गोंधळाची जुनी गोष्ट

बेळगावात गेमिंगसाठी नवा पीसी जोडून घ्यायला निघालेल्या पोराची गाडी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर अडत नाही, ते आधीच ठरलेलं असतं. ती अडते मदरबोर्डावर, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडले जातात त्या मुख्य पट्टीवर. हा पेच बाजारात कसा आला, ते समजलं तर निवड बरीच सोपी होते.

आपल्याकडे असेंबल्ड कॉम्प्युटर शक्य झाला त्यामागे इंटेलने 1995 साली आणलेला एटीएक्स हा साचा आहे. बोर्डाचं माप, स्क्रूची भोकं, पॉवर सप्लायची जोडणी, सगळं ठरलेलं. बेळगावपासून मुंबई आणि बेंगळुरू दोन्ही साधारण पाचशे किलोमीटर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा बोर्ड बेंगळुरूच्या एस. पी. रोडच्या कॅबिनेटमध्ये बसतो तो याच साच्यामुळे.

त्या काळी तर सॉकेटही (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) सामाईक होतं. सॉकेट 7 वर इंटेल, एएमडी, सायरिक्स कुणाचाही प्रोसेसर चाले. बोर्डावरचे जंपर (पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) नीट लावले की झालं. 1997 मध्ये इंटेलने पेंटियम टू वेगळ्याच स्लॉटमध्ये आणला, 1999 मध्ये एएमडीने अॅथलॉनसाठी स्वतःचा स्लॉट काढला आणि घर फुटलं. तेव्हापासून बोर्ड घेणं म्हणजे एका भावाकीत जाणं.

पुढे इंटेलच्या घरात सॉकेट भराभर बदलत गेली. नावातला आकडा म्हणजे पिनांची संख्या. 2009 चं 1156, 2011 चं 1155 (एका पिनेचा फरक, पण बसत नाही म्हणजे नाही), 2013 चं 1150, 2015 चं 1151. खरी चीड आणली 2017 ने. आठव्या पिढीचे प्रोसेसर 1151 मध्येच बसत, पण जुन्या 100 आणि 200 मालिकेच्या बोर्डांवर चालत नसत. भोक तेच, कुलूप नवं! जुना बोर्ड चुलतभावाला देऊन नवा घेण्यावाचून इलाज नव्हता.

एएमडीचं एएम4 हे सॉकेट याच्या उलट निघालं. 2017 मध्ये पहिल्या रायझन प्रोसेसरसाठी घेतलेल्या कित्येक बोर्डांवर 2022 मध्ये नुसतं बायोस (बोर्ड सुरू करणारं त्यातलंच सॉफ्टवेअर) अपडेट करून 5800एक्स3डी हा नवा प्रोसेसर बसवता आला. पाच वर्षं एकच बोर्ड. ‘एएमडी घे, पुढं बदलता येतंय’ हा सल्ला आला तो इथून, आणि मला तो आजही पटतो. 2022 मध्ये आलेल्या एएम5 वर मात्र फक्त डीडीआर5 ही नव्या पिढीची रॅम चालते. घरातली जुनी डीडीआर4 रॅम वापरायचीच असेल तर इंटेलच्या 1700 सॉकेटचे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात. पण मागताना रॅमचा प्रकार सांगायला विसरू नका, एकाच बोर्डाच्या नावात तेवढाच फरक असतो. त्याच्या पुढचं 1851 हे 2024 चं सॉकेट पुन्हा फक्त डीडीआर5 चं.

आणखी एक बदल गाजावाजा न होता झाला. पूर्वी रॅमचा कारभार बोर्डावरच्या नॉर्थब्रिज चिपकडे असे, म्हणून बोर्ड बदलला की वेगही बदलायचा. एएमडीने 2003 मध्ये आणि इंटेलने 2008 मध्ये हा कारभार प्रोसेसरच्या पोटात नेला. त्यामुळे महागडा बोर्ड घेऊन गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम वाढत नाहीत. उरतं काय, तर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या व्हीआरएमचा दम, त्यावरचे उष्णता बाहेर टाकणारे हीटसिंक, एसएसडी बसवायचे एम.2 चे स्लॉट आणि मागचे पोर्ट. रंगीत दिव्यांचे पैसे ग्राफिक्स कार्डात घाला.

सीमाभागातल्या खरेदीला आणखी एक पदर होता. 2017 च्या जुलैपर्यंत कर्नाटक आणि महाराष्ट्राचे विक्रीकर वेगळे, त्यामुळे निपाणीचा माणूस कोल्हापूरला स्वस्त की बेळगावला, याचा हिशेब करत बसायचा. जीएसटी आल्यावर कराचा तो फरक संपला. आता बघायचं ते एवढंच, की वॉरंटीचा बोर्ड घेऊन परत कुठे जावं लागेल आणि दुकानात पडून असलेल्या बोर्डाचं बायोस तुमच्या प्रोसेसरइतकं नवं आहे का. नसेल, तर प्रोसेसर न लावता पेनड्राइव्हवरून बायोस घालायची सोय त्या बोर्डाला आहे का, ते पैसे मोजण्याआधी विचारून घ्या.