पोस्टकार्ड आणि जाहीर नोटीस : सामूहिक दाव्यांच्या भरपाईची पार्श्वभूमी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना एक पोस्टकार्ड चांगले ओळखीचे असते. त्यावर न्यायालयाचे आणि कंपनीचे नाव असते. अमुक काळात तुम्ही अमुक वस्तू विकत घेतली असल्यास किंवा तुमची खासगी माहिती या कंपनीकडून फुटली असल्यास तुम्ही एका दाव्यातील ‘वर्गा’चे, म्हणजे सारखीच तक्रार असलेल्या समूहाचे, सदस्य आहात, अमुक तारखेपर्यंत अर्ज भरा किंवा या दाव्यातून बाहेर पडत असल्याचे कळवा, असा मजकूर त्यावर असतो. आता हे पोस्टकार्ड बहुधा ई-मेलने येते आणि बरेच जण ते जाहिरात समजून पुसून टाकतात. आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, हरवलेल्या दस्तऐवजांच्या आणि जमिनीच्या हक्कांच्या नोटिसांमध्ये दाटीवाटीने छापलेली, ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ अशा थाटाची जाहीर नोटीस. दोन्हींचे मूळ एकच आहे. मात्र गेल्या साठ वर्षांत त्यांच्या वाटा इतक्या वेगळ्या झाल्या, की एकीकडे तडजोडीतून भरपाई मिळवणे हा नित्याचा व्यवहार झाला आणि दुसरीकडे कायद्यात तरतूद असूनही बहुतेक ग्राहकांना ती ठाऊक नाही.

एका माणसाने अनेकांच्या वतीने न्यायालयात उभे राहावे, ही कल्पना इंग्लंडच्या चॅन्सरी, म्हणजे समन्यायाच्या तत्त्वावर चालणाऱ्या, न्यायालयांतली आहे. सगळ्या हितसंबंधितांना पक्षकार केल्याशिवाय निवाडा करू नये, हा तिथला नियम. पण माणसे शेकड्यांनी असली की तो पाळता येईना, म्हणून प्रातिनिधिक दाव्याची सोय झाली. १९०१ च्या सुमारास हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, निकाल दिलेला ड्यूक ऑफ बेडफर्ड विरुद्ध एलिस हा खटला या परंपरेतला महत्त्वाचा टप्पा मानला जातो. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन मंडईत जागा मिळवताना आपल्याला अग्रहक्क आहे, असे म्हणत सहा जणांनी फळे, फुले आणि भाजीपाला पिकवणाऱ्या सगळ्या उत्पादकांच्या वतीने दावा लावला होता आणि लॉर्ड्सनी तो चालू दिला.

हीच तरतूद भारतात १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत होती, आणि १९०८ च्या संहितेत ती आदेश १, नियम ८ म्हणून आली. हितसंबंध समान असलेल्या अनेकांपैकी एकाने किंवा काहींनी न्यायालयाच्या परवानगीने सगळ्यांसाठी दावा लावावा, किंवा सगळ्यांच्या वतीने बचाव करावा, असा तिचा आशय आहे. ती वापरली गेली मुख्यतः पायवाट, विहीर, गायरान, देवस्थान अशा सामाईक हक्कांच्या भांडणांत. महाराष्ट्रातले सर्वांत ठळक उदाहरण महाडचे आहे. चवदार तळे ही आपली खासगी मिळकत आहे, असे म्हणत गावातील काही सवर्णांनी डिसेंबर १९२७ मध्ये सवर्ण हिंदूंच्या वतीने दावा लावला, तो डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर, अस्पृश्य मानल्या गेलेल्या साऱ्या समाजाचे प्रतिनिधी म्हणून. मनाईहुकूम निघाला, अंतिम निकाल मात्र मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी आंबेडकरांच्या बाजूने दिला. सामूहिक दाव्याचे हत्यार दुबळ्यांच्याच हाती असते, असा समज असणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

अमेरिकेत वळण आले ते १९६६ साली. फेडरल दिवाणी नियमांतला २३ वा नियम १९३८ पासून होता, पण पैशांच्या भरपाईच्या दाव्यांत जो स्वतःहून सामील होईल त्याच्यापुरताच निकाल लागू होई. १९६६ च्या दुरुस्तीने हे उलटे केले. आता जो बाहेर पडत असल्याचे कळवणार नाही, तो आत आहे असे धरले जाऊ लागले. गप्प बसलेल्या लाखो ग्राहकांची बेरीज या एका बदलामुळे कंपनीपुढे एकरकमी उभी राहू लागली. तीस डॉलरसाठी कोणी वकील लावत नाही. पण तीस डॉलर गुणिले दहा लाख माणसे या रकमेसाठी वकील स्वतःच्या खिशातून खर्च करून खटला चालवतो, कारण जिंकल्यावर त्याची फी न्यायालयाच्या मंजुरीने त्याच निधीतून मिळते.

तिथेही ही वाट सरळ नव्हती. आयझन नावाच्या गुंतवणूकदाराचे स्वतःचे नुकसान होते अवघे ७० डॉलर. शंभरांपेक्षा कमी शेअरच्या व्यवहारांवर जादा आकार घेतला गेला, असे सांगत त्याने सुमारे ६० लाख लोकांच्या वतीने दावा लावला. त्यांपैकी २२ लाख ५० हजार जणांची नावे-पत्ते मिळण्यासारखे होते, आणि त्यांना टपालाने नोटीस पाठवायचा खर्च होता २ लाख २५ हजार डॉलर. ज्याला शोधता येते त्याला व्यक्तिशः कळवलेच पाहिजे आणि तो खर्च दावा लावणाऱ्यानेच सोसला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये सांगितले. सत्तर डॉलरसाठी सव्वादोन लाखांचे टपाल कोण घालणार? तरीही व्यक्तिशः कळवण्याचे हे बंधन टिकून राहिले, आणि सुरुवातीला सांगितलेल्या पोस्टकार्डाची वंशावळ इथवर पोचते.

ज्यांना शोधताच येत नाही त्यांचे काय, या प्रश्नाला कॅलिफोर्नियात एक गमतीदार उत्तर सापडले होते. लॉस एंजेलिसच्या टॅक्सी कंपनीने मीटरमधून जादा भाडे उकळल्याचा दावा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये ग्राह्य धरला. कोण कधी टॅक्सीत बसले होते याची यादी कुठून आणायची? शेवटी तडजोडीत पुढची भाडी काही काळ कमी करून घेतली गेली. ज्यांचे पैसे गेले तेच पुन्हा टॅक्सीत बसतील असे नव्हे, पण कंपनीने उकळलेले तिच्याकडे राहिले नाही.

तडजोडीचा नेहमीचा क्रम असा आहे. दोन्ही पक्षांचे वकील रक्कम ठरवतात, न्यायाधीश प्राथमिक मंजुरी देतात, नोटिसा जातात, हरकत घ्यायला आणि बाहेर पडायला मुदत मिळते, सुनावणीनंतर अंतिम मंजुरी होते आणि मग न्यायालयाने नेमलेला व्यवस्थापक अर्ज तपासून चेक पाठवतो. लहान रकमेच्या दाव्यांत पुष्कळदा पावतीही मागत नाहीत, शपथेवरचे निवेदन पुरते. अर्ज भरायला कधीच पैसे पडत नाहीत, त्यामुळे ‘प्रक्रिया शुल्क’ मागणारा निरोप खोटा समजावा. गप्प बसणाऱ्याला मात्र दुहेरी फटका बसतो. पैसे मिळत नाहीत आणि बाहेर न पडल्यामुळे स्वतंत्र दावा लावण्याचा हक्कही जातो. ग्राहकहित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकी सरकारी यंत्रणेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अर्ज भरणाऱ्यांच्या प्रमाणाचे मध्यक ९ टक्के, तर नोटिसांच्या संख्येनुसार काढलेली भारित सरासरी ४ टक्के निघाली.

त्याच वर्षी उलट अनुभवही आला. इक्विफॅक्स या पतमापन कंपनीकडून २०१७ मध्ये सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती फुटली होती. जुलै २०१९ मधील तडजोडीत ४२ कोटी ५० लाख डॉलरपर्यंतची रक्कम ग्राहकांसाठी ठरली आणि पतनोंदीवरची मोफत देखरेख नको असल्यास १२५ डॉलर रोख, असा पर्याय दिला गेला. बातमी पसरताच अर्जांची रीघ लागली. त्या रोख पर्यायासाठी बाजूला काढलेले पैसे ३ कोटी १० लाख डॉलरच होते, म्हणजे १२५ च्या हिशेबाने जेमतेम अडीच लाख माणसांपुरते. अखेर रोख रक्कम अगदी कमी मिळेल, तेव्हा देखरेखच घ्या, असे खुद्द सरकारी यंत्रणेला लोकांना सांगावे लागले. तडजोडीच्या मथळ्यातला आकडा आणि हाती येणारा चेक यांत किती अंतर असते, हे यातून उमगते.

भारताकडे वळताना भोपाळ टाळता येत नाही, कारण हजारोंच्या वतीने एकाने केलेली इतकी मोठी तडजोड आपल्याकडे दुसरी नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइड या अमेरिकी कंपनीच्या भारतीय उपकंपनीत झालेल्या वायुगळतीनंतर १९८५ च्या खास कायद्याने सगळ्या पीडितांच्या वतीने दावा लावण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला. न्यूयॉर्कचे न्यायाधीश कीनन यांनी १९८६ मध्ये प्रकरण भारतातच चालवा असे सांगितले, आणि १४ व १५ फेब्रुवारी १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी ४७ कोटी डॉलरवर दावा मिटला. सरकारने मागितले होते सुमारे ३३० कोटी. ज्यांच्या नावाने हे झाले, त्यांना आधी कोणी विचारले नाही. आणि नेमके हेच घडू नये म्हणून १९७६ च्या दुरुस्तीने दिवाणी संहितेत एक नियम घातला गेला होता. प्रातिनिधिक दाव्यातील तडजोडीला न्यायालयाची परवानगी हवी आणि ती देण्यापूर्वी हितसंबंधितांना नोटीस हवी, असे आदेश २३, नियम ३-ब सांगतो. पीडितांच्या बाजूने हा मुद्दा मांडला गेला. ऑक्टोबर १९९१ च्या निकालात न्यायालयाने त्यावरून तडजोड रद्द करायला नकार दिला.

मग सुरू झाले वाटप. साडेपाच लाखांहून अधिक दावे मंजूर झाले आणि त्यांतल्या बहुसंख्य जखमींच्या वाट्याला २५ हजार रुपये आले. व्याजाने आणि रुपयाच्या घसरणीने निधी वाढत गेला, आणि उरलेले सुमारे १,५०० कोटी रुपये त्याच लोकांत वाटा, असे सांगायला २००४ साल उजाडले. तेव्हा पूर्वीइतकीच रक्कम पुन्हा मिळाली. वाढीव भरपाईसाठीची सरकारची क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे अंतिम निकालानंतर चूक सुधारण्यासाठी करायची शेवटची याचिका, मार्च २०२३ मध्ये फेटाळली गेली.

सामान्य ग्राहकासाठी १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला. त्यामागे बिंदुमाधव जोशी यांच्या ग्राहक पंचायतीसारख्या चळवळी सत्तरच्या दशकापासून होत्या. या कायद्याच्या कलम १२(१)(क) ने समान हितसंबंध असलेल्या अनेकांच्या वतीने एकाला तक्रार करता येऊ लागली आणि पद्धत घेतली ती जुन्या आदेश १, नियम ८ ची. २०१९ च्या कायद्यात हेच कलम ३५(१)(क) आहे. तक्रारदाराने परवानगीसाठी अर्ज करायचा, ग्राहक आयोगाने ती दिली की सर्व संबंधितांना नोटीस, आणि माणसे फार असतील तर जाहीर नोटीस. तिचा खर्च तक्रारदाराचा. नोटीस वाचून कोणीही आयोगाकडे पक्षकार होण्याचा अर्ज करू शकतो. झाला नाही, तरी निकाल त्याच्यावर बंधनकारक असतो. म्हणजे न बोलणारा आत, हे तत्त्व आपल्याकडेही आहेच. ते सफल होत नाही, याची कारणे इतरत्र आहेत. निकालातल्या रकमेच्या टक्क्यांवर फी ठरवायला आपल्या वकिलांना बार कौन्सिलचे नियम परवानगी देत नाहीत, त्यामुळे दुसऱ्यांच्या नुकसानीसाठी खर्च करणारा कोणी उरत नाही. आणि शेवटच्या माणसापर्यंत पैसे पोचवणारा व्यवस्थापक आपल्या पद्धतीत नाही.

त्यात न्यायालयांनी परवानगीची कसोटी कडक ठेवली आहे. घर वेळेवर न मिळालेल्यांच्या तक्रारींतून हा कायदा घडत गेला. राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या पीठाने २०१६ मध्ये अंबरीश कुमार शुक्ला प्रकरणात वाट बरीच मोकळी केली होती. पुढे बंगळूरच्या एका गृहप्रकल्पातील ५१ सदनिकांच्या ९१ खरेदीदारांनी सगळ्यांच्या वतीने तक्रार केली. प्रकल्पात सदनिका होत्या १,१३४. सगळ्यांचे हित एकच आहे हे तक्रारीतून पुरेसे दिसत नाही, असे डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले. मात्र त्या ९१ जणांची संयुक्त तक्रार चालेल, अशी मुभा दिली. व्यवहारात याचा अर्थ असा, की आज शेजाऱ्यांनी एकत्र येऊन आपापल्या नावाने संयुक्त तक्रार करणे, किंवा नोंदणीकृत ग्राहक संस्थेमार्फत जाणे, ही प्रातिनिधिक तक्रारीपेक्षा खात्रीची वाट आहे. मुदत दोन वर्षांची आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात शुल्क नाही.

सरकारने स्वतः ग्राहकांच्या वतीने तक्रारदार होण्याचा गाजलेला प्रयत्न म्हणजे मॅगी. जून २०१५ मध्ये बंदी आली, १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि त्याच महिन्यात केंद्राने राष्ट्रीय आयोगाकडे नेस्लेविरुद्ध सुमारे ६४० कोटी रुपयांची मागणी केली. एप्रिल २०२४ मध्ये ती फेटाळली गेली. दुसरीकडे, ज्यांना शोधता येत नाही अशा अनेक ग्राहकांचे नुकसान झाले असेल, तर विक्रीच्या किमतीच्या ठरावीक टक्क्यांइतकी रक्कम कंपनीकडून वसूल करण्याची तरतूद आहे. ती २००२ च्या दुरुस्तीत किमान ५ टक्के होती, आता २५ टक्के आहे. लॉस एंजेलिसच्या टॅक्सीचाच हा भाऊबंद, पण वापर अगदी विरळा.

जुलै २०२० पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण काम करू लागले आणि एक नवी वाट उघडली. हे प्राधिकरण ग्राहकांच्या समूहाच्या हितासाठी स्वतःहून चौकशी करून परताव्याचा आदेश देऊ शकते. ऑगस्ट २०२५ मध्ये रॅपिडो या प्रवासाची वाहने पुरवणाऱ्या ॲपच्या कंपनीवर त्याने १० लाख रुपयांचा दंड लावला. ‘पाच मिनिटांत रिक्षा, नाहीतर ५० रुपये’ अशी जाहिरात होती, प्रत्यक्षात ग्राहकाला मिळत होती ती ५० रुपयांपर्यंतची ‘नाणी’, तीही सात दिवसांत संपणारी. ज्यांना हे पैसे मिळायला हवे होते पण मिळाले नाहीत, त्यांना ते कंपनीने कोणतीही अट न घालता द्यावेत, असे त्या आदेशात म्हटले आहे.